लिहिता येणारा एपीआय: सांगलीतल्या परिषदेचे चार महिने

२०२४ च्या जानेवारीत आमच्या तंत्रज्ञान परिषदेला जतहून एक मुलगा आला होता, पहाटेची एसटी पकडून. त्याला एकच सत्र ऐकायचं होतं. त्याच्याकडच्या पीडीएफमध्ये ते अकराला होतं, पण आदल्या रात्री आम्ही ते साडेनऊला घेतलं होतं. व्हॉट्सॲपवर वेळापत्रकाच्या पाच पीडीएफ फिरत होत्या आणि त्याच्या हातात तिसरी होती. नोंदणीच्या टेबलावर मीच बसले होते. "मॅडम, संपलं का ओ ते?" एवढंच विचारलं त्यानं. मी हो म्हटल्यावर तो बराच वेळ पायरीवर बसून होता.

पुढच्या परिषदेसाठी सगळ्यांना वाचता येईल आणि लिहिताही येईल असा डेटा एपीआय करायचा, हे डोक्यात बसलं ते तिथून. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याकडून माहिती मागायची ठरलेली खिडकी. सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ एवढा वेळ त्यात गेला. छोट्या गावात, फारसे पैसे हाताशी नसताना कुणाला असं काही करायचं असेल तर आमचं कुठं अडलं आणि कसं सुटलं ते कळावं, म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

मी सांगलीत विश्रामबागेत घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं बॅकएंडचं, म्हणजे पडद्यामागच्या सर्व्हरचं काम करते. एपीआयच्या अशा खिडक्या रोज बांधते. पण त्या सगळ्या ओळखीच्या माणसांसाठी. अनोळखी माणसाला आत लिहू द्यायचं, हे कधी केलं नव्हतं.

गणपती १७ सप्टेंबरला गेले आणि २२ तारखेच्या रविवारी आमची पहिली बैठक झाली. पाच जण होतो, मधे एक भडंगाचा पुडा. माझं म्हणणं असं, की वेळापत्रक एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये असतं म्हणूनच ते चुकतं. हॉल बदलला हे दारात उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला आधी कळतं. आपल्या नावात वेलांटी पहिली की दुसरी हे वक्त्याला ठाऊक असतं. कवठेमहांकाळच्या बाजूनं येणाऱ्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, हे त्या गाडीवाल्यालाच माहीत. माहिती ज्याच्याकडे आहे त्यालाच थेट लिहू द्यावं. आमच्यातले सगळ्यात मोठे सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण उद्या कुणी येऊन काहीही लिहिलं तर काय करणार, सांगा की." त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं आणि दोन आठवडे मागून घेतले.

ते दोन आठवडे मी कोड लिहिला नाही, दुसऱ्यांनी काय केलंय ते वाचत बसले. ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून जगभरातली माणसं मिळून काढताहेत आणि त्यांचा एपीआय कुणालाही लिहायला खुला आहे. त्याची ०.६ ही आवृत्ती २००९ पासून चालू आहे. नकाशातल्या प्रत्येक गोष्टीला तिथं आवृत्तीचा क्रमांक असतो. तुम्ही चौथी आवृत्ती बघून बदल पाठवलात आणि तोवर कुणी पाचवी केली असेल, तर सर्व्हर ४०९ हा नकाराचा आकडा देऊन तुमचा बदल परत पाठवतो: आधी नवीन बघा, मग लिहा. आणि जुनं काहीच नाहीसं होत नाही. विकिपीडियाचं पण तेच, प्रत्येक पानाचा इतिहास शाबूत असतो. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. दारात पहारेकरी बसवण्यापेक्षा मागची पानं जपून ठेवायची, आणि कुणालाही एका बोटानं मागे जाता यायला पाहिजे.

६ ऑक्टोबरच्या बैठकीत हे मांडलं. सर म्हणाले, "मग करा. फक्त सत्राची वेळ आणि हॉल सगळ्यांच्या हातात देऊ नका." ही सूचना मी जशीच्या तशी घेतली आणि पुढे तिचा फार उपयोग झाला.

आता कागदपत्रांचं. परिषद ज्या कॉलेजच्या सभागृहात व्हायची होती तिथल्या वाय-फायवरून आमचा सर्व्हर दिसायला हवा होता आणि एक जुना लॅपटॉप दोन दिवस त्यांच्या नेटवर्कवर ठेवायचा होता. त्यासाठी प्राचार्यांच्या नावे अर्ज, दोन प्रतींत. मी अर्ज इंग्रजी शब्दांनी भरून टाकला होता. ऑफिसमधल्या मॅडमनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्यात लिहिता येणारा म्हणजे नक्की कोण, काय लिहिणार? साहेब विचारतील, मला सांगता आलं पाहिजे." मी तिथंच बाकावर बसले आणि साध्या मराठीत एक पान नव्यानं लिहिलं: कोण लिहू शकेल, काय लिहू शकेल, चुकलं तर कोण कसं परत करेल, माहिती कुठं राहील आणि कधी पुसली जाईल. चाळीस मिनिटं लागली. एपीआयचे नियम सगळे मिळून पहिल्यांदा कागदावर आले ते त्या बाकावर. पुढे माहितीपुस्तिकेचं पहिलं पान म्हणून तेच वापरलं.

अर्ज दिला १४ ऑक्टोबरला, सोमवारी. दुसऱ्याच दिवशी विधानसभेची आचारसंहिता लागली. मग दिवाळीची सुट्टी, मग २० नोव्हेंबरचं मतदान, आणि कॉलेजचा बराचसा स्टाफ निवडणुकीच्या ड्युटीवर. परवानगीचं पत्र हातात आलं २ डिसेंबरला, म्हणजे बरोबर एकोणपन्नास दिवसांनी. या काळात मी सहा वेळा ऑफिसात गेले. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर लिहून घ्या. सहापैकी दोनदा अर्ज सापडत नव्हता आणि दोन्ही वेळा त्या क्रमांकामुळेच फाइल निघाली. आणि परिषद जानेवारीत असेल तर अर्ज ऑगस्टमध्येच टाका.

ह्याच काळात दुसरा खड्डा लागला. लिहिणाऱ्या माणसाची ओळख कशी पटवायची? मला वाटलं सोपं आहे, मोबाइलवर ओटीपी. पण भारतात कुणालाही प्रोग्रॅममधून एसएमएस पाठवायचा तर ट्राय ह्या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधी डीएलटी, म्हणजे असे एसएमएस पाठवणाऱ्यांची, नोंदणी लागते. संस्थेची नोंदणी वेगळी, पाठवणाऱ्याच्या नावाची वेगळी, आणि मेसेजचा मजकूरही आधी मंजूर करून घ्यायचा. आम्ही काही नोंदणीकृत संस्था नाही, दरवर्षी एकत्र येणारी माणसं. आमच्या नावाचं पॅन कार्ड नाही. ज्या पोर्टलवर मी गेले तिथं जीएसटी धरून ५,९०० रुपये फी होती, आणि आमचा सगळ्या गोष्टींचा मिळून अंदाज होता पाच हजारांचा. कॉलेजच्या नावानं करावं तर अधिकारपत्रावर सही-शिक्का हवा, आणि सही करणारे निवडणुकीत. अठरा दिवस ह्यात गेले. त्या आठवड्यात एका रात्री मी खरोखर सोडून द्यायचं ठरवलं होतं. नेहमीसारखी एक पीडीएफ करू आणि मोकळे होऊ.

सकाळी आईला हे सांगत होते. ती बँकेतून निवृत्त झाली. ती म्हणाली, "अगं, पण माणूस आत येताना तुम्ही त्याला बिल्ला देताच की. तोच दाखवू दे ना." एवढ्या वाक्यानं माझे अठरा दिवस भरून निघाले. बॅज तर आम्ही छापणारच होतो. प्रत्येक बॅजच्या मागं एक क्यूआर कोड छापला, त्यात त्या माणसाचं टोकन, म्हणजे त्याची ओळख पटवणारा गुप्त कोड. फोननं तो एकदा वाचला की लिहायची परवानगी मिळाली. ओटीपी नाही, पासवर्ड नाही, माणसाचा मोबाइल नंबर आमच्याकडे ठेवायची गरज नाही. बॅज हरवला तर टेबलावर येऊन सांगायचं, जुनं टोकन रद्द, नवं मिनिटभरात. मागच्या बाजूच्या छपाईला सगळे मिळून ६४० रुपये जादा लागले.

सर्व्हर घेतला तो सगळ्यात लहान, एक जीबी मेमरीचा, महिना साडेपाचशे रुपयांचा. पाच महिन्यांचे २,७५० झाले. डोमेन ७४९ रुपये. बाकी सगळं फुकट मिळणाऱ्या मोकळ्या सॉफ्टवेअरवर: माहिती साठवायच्या डेटाबेसला पोस्टग्रेस, बाकी पायथॉन. परिषदेसाठी मोठा सर्व्हर लागतो ही भीती मला होती, आणि तिच्यापायी कुणी थांबलं असेल तर थांबू नका. चार-पाचशे माणसांचं वेळापत्रक ही संगणकाच्या हिशेबात चिमूटभर माहिती असते.

वेळ खाल्ला तो भाषेनं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यादीत एकच सत्र दोनदा दिसायला लागलं: "शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवामान". द्राक्षबागांत बसवलेल्या हवामान यंत्रांबद्दलचं सत्र होतं ते. दोन्ही शीर्षकं डोळ्याला अगदी सारखी. शोधलं तर मात्र एकच सापडायचं, आणि कुठलं सापडेल ते शोधणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून. रात्री अकराला दोन्ही शीर्षकांतलं एकेक अक्षर सुटं करून त्याचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ज्या आकड्यानं अक्षर ओळखतो ते, एकाखाली एक लिहिले. "शेतक" पर्यंत सगळं सारखं. पुढच्या "ऱ्या" पाशी वाट फुटली. एका माणसाच्या कीबोर्डनं ०९३१ क्रमांकाचा, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त घातला होता. दुसऱ्याच्या कीबोर्डनं साधा र, हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारा जोडखूण-वर्ण घालून तीच अर्ध्या र ची वळणदार रेघ काढली होती. कागदावर एकच रेघ, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करायची रीत, ह्या दोघांना एक मानत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. मग लक्षात आलं की "ॲप" चंही तसंच आहे. कुणी ॲ हे एक अक्षर टाइप करतं, कुणी अ वर चंद्र देतं.

उपाय छोटा होता. लिहिताना येणारा प्रत्येक मजकूर आधी एका चाळणीतून जाईल, आणि ह्या जोड्यांतलं एकच रूप आत ठेवलं जाईल. वीसेक ओळींचा कोड. पण मराठी मजकूर घेणाऱ्या कुणीही ही चाळणी पहिल्याच दिवशी लावावी. नंतर लावली तर आधीचं सगळं पुन्हा गाळावं लागतं, मी तीन संध्याकाळी तेच करत होते. काही वक्त्यांचे परिचय तर जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप करून आले होते. फॉन्ट काढला की नुसती रोमन अक्षरांची गिचमीड. ते सरळ फोन करून विचारले आणि हातानं टाइप केले.

नावांसाठी पहिलं नाव, आडनाव असे रकाने मी केले नाहीत. एकच रकाना, माणूस स्वतःचं नाव जसं लिहील तसं, आणि शेजारी त्याचंच रोमन स्पेलिंग. वेळ लिहिताना मागं +०५:३० लावणं सक्तीचं केलं. चाचणीत एका फोनवर दहाचं सत्र पहाटे साडेचारला दिसत होतं, कारण कुणीतरी ग्रीनिचची वेळ पाठवली होती. असं मागं काही न लावता आलेलं आता सर्व्हर घेतच नाही.

लिहिण्याचा गाभा असा ठेवला. कुठलाही बदल जुन्या ओळीवर लिहिला जात नाही, त्याची नवी ओळ तयार होते: काय बदललं, कुठल्या बॅजनं, किती वाजता. बदल पाठवताना आपण कुठली आवृत्ती बघितली होती तिची खूण सोबत द्यायची. खूण दिली नाही तर ४२८, खूण शिळी असेल तर ४१२, आणि दोन्ही उत्तरांसोबत मराठीत एक वाक्य, शिळ्या खुणेला असं: "तुम्ही बघितल्यानंतर हे बदललंय, नवीन खाली दिलंय." हे एक वाक्य लिहायला मला लाज वाटली नाही आणि कुणालाच वाटू नये. चूक दाखवणारा नुसता आकडा परत आला की नवशिक्या मुलाला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलंय.

बदल लगेच दिसावा की आधी कुणी तपासावा, ह्यावर आमचं बरंच बोलणं झालं. शेवटी मी लगेच दिसण्याच्या बाजूनं उभी राहिले. तपासायला आम्ही तिघं, तीही दिवसभर पळापळ करणारी. रांगेत अडकलेली दुरुस्ती दुपारनंतर दिसली तर तिचा उपयोग काय? सत्राच्या नोंदी, नावातल्या चुका, गाडीतल्या जागा हे कुठल्याही बॅजला खुलं ठेवलं. वेळ आणि हॉल फक्त स्वयंसेवकांच्या बॅजला, सरांनी सांगितल्याप्रमाणं.

२१ डिसेंबरच्या शनिवारी कॉलेजच्या लॅबमध्ये चाचणी ठेवली. चौदा मुलं-मुली आल्या. दहाव्या मिनिटाला सगळ्यांचंच बंद पडलं. प्रत्येकाला ४२९, म्हणजे फार वेळा मागताय, थांबा. मी मर्यादा लावली होती आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, एका पत्त्यावरून मिनिटाला साठ विनंत्या. आणि अख्खं कॉलेज बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतं! परिषदेच्या दिवशी हे झालं असतं तर पहिल्या चहाच्या आतच सगळं ठप्प झालं असतं. तिथंच मर्यादा पत्त्यावरून काढून टोकनवर टाकली.

त्याच दुपारी एका मुलाच्या प्रोग्रॅमनं एकच नोंद २१२ वेळा लिहिली. नेट हळू होतं, उत्तर यायला वेळ लागला, त्याच्या कोडला वाटलं गेलंच नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. पोरगा घाबरून उभाच राहिला. त्याला म्हटलं, बस, तू मला फार मोठी गोष्ट दाखवलीस. इतिहास होता म्हणून त्या २१२ नोंदी एका आज्ञेत मागे घेतल्या. आणि त्या रात्री नियम केला, की नवी नोंद पाठवताना फोननं तिला एक स्वतःचा क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवीन ओळ न करता आधीचंच उत्तर परत देईल. एपीआय चार लोकांच्या हातात द्या, स्वतः शेजारी बसा आणि बघा. मला महिनाभरात जे सुचलं नसतं ते तीन तासांत समोर आलं.

चाचणी संपल्यावर तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मागे थांबली. "ताई, गाडीच्या यादीत माझा नंबर कुणालाही दिसणार का?" दिसणार होता. मी तसाच ठेवला होता. गाडीवाल्याशी बोलता यावं एवढाच विचार केला होता, एकटी मुलगी मिरज स्टेशनवर संध्याकाळी उभी असते हा केला नव्हता. ह्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच रात्री नंबर काढले. यादीत फक्त कुठून, किती वाजता, किती जागा एवढंच. जागा मागितली की निरोप आमच्यामार्फत जाईल, आणि दोघांनी हो म्हटलं तरच एकमेकांचं नाव दिसेल.

पण ह्यातून एक अवघड प्रश्न उभा राहिला. काहीच पुसायचं नाही ह्यावर माझी सगळी इमारत उभी, आणि माणसाची खाजगी माहिती तर त्यानं म्हटल्यावर पुसताच आली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. कायदा नसता तरी ते बरोबरच. मग डेटाबेसचे दोन भाग केले. सत्रं, हॉल, नोंदी, दुरुस्त्या ह्यांचा इतिहास कायम. गाड्यांची यादी आणि बॅज कुणाचा कुठला हे वेगळ्या खोलीत, तिथं इतिहास नाही, आणि परिषदेनंतर आठवड्यानं सगळं पुसायचं. इतिहासात फक्त बॅजचा क्रमांक दिसतो, माणूस नाही. कायमच्या भागाला सीसी-झिरो परवाना दिला, म्हणजे कुणीही काहीही करायला मोकळा, आणि लिहायच्या पानावर सगळ्यात वर ते मराठीत सांगितलं. हा निर्णय मी पहिल्या आठवड्यात घ्यायला हवा होता. डिसेंबरच्या शेवटी डेटाबेस कापणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलणं. २८ डिसेंबरला बॅकअपवरून सगळं नव्यानं उभं करून बघितलं, तेव्हा कुठं झोप लागली.

संक्रांत झाली, आणि १८ जानेवारीला, शनिवारी, सकाळी पावणेआठला मी हॉलवर होते. नोंदणीच्या टेबलावर तिळगूळ आणि क्यूआरचे बॅज. नऊ वाजून वीस मिनिटांनी दुसऱ्या हॉलचा प्रोजेक्टर चालेना. दारातल्या स्वयंसेवकानं सत्र चौथ्या हॉलमध्ये हलवलं आणि उभ्या-उभ्या फोनवर बदल केला. मी टेबलावरून व्हरांड्यातला टीव्ही बघत होते. ओळ बदलली, आणि दुसऱ्या हॉलसमोरची माणसं आपापल्या फोनकडे बघून वळली. कुणी कुणाला ओरडून सांगितलं नाही. मला पायरीवरचा तो मुलगा आठवला.

दहा बावन्नला इंटरनेट गेलं, चाळीस मिनिटं. ह्याची तयारी होती. टीव्ही थेट सर्व्हरला विचारत नव्हते. कॉलेजच्या नेटवर्कवर ठेवलेला तो जुना लॅपटॉप दर मिनिटाला प्रत घ्यायचा आणि टीव्ही त्याला विचारायचे. वाचणं चालू राहिलं. लिहिलेलं फोनमध्ये साठून राहिलं आणि नेट आल्यावर एकदम आत गेलं. त्यात सहा ठिकाणी ४१२ आला, दोघांनी एकच गोष्ट बदलली होती. सहाही जणांनी नवीन बघून आपापलं नीट केलं, मला काही करावं लागलं नाही.

मी चुकले ते चहात. वेळापत्रकात चहा अकराला होता. कँटीनचे काका टेबलावर आले, "अकराला कसा देऊ? दूधच सव्वाअकराला येतंय. ते तुमच्या टीव्हीवर बदला की." वेळ बदलायची परवानगी त्यांच्या बॅजला नव्हती. वेळ म्हटलं की ती सत्राची, असंच मी धरलं होतं. पाच मिनिटांत त्यांच्या बॅजला खाण्यापिण्याच्या ओळींची मुभा दिली आणि बदल त्यांच्याच बोटानं करून घेतला. दुपारी त्यांनी आपणहून जेवणाची वेळ दहा मिनिटं पुढे ढकलली आणि लिहिलं, "भात होतोय." दोन दिवसांतली माझी सगळ्यात आवडती नोंद ती.

सरांनी विचारलेलं तेही घडलं. रविवारी दुपारी एका वक्त्या ताईंच्या सत्राखाली कुणीतरी घाण लिहिली. मी जेवत होते. हात धुऊन येईपर्यंत ती ओळ मागे घेतलेली होती. इतिहासात बघितलं, लिहिल्यापासून तीन मिनिटांत वेगवेगळ्या दोन बॅजांनी "मागे घ्या" दाबलं होतं, एकाचं आधी लागलं. ज्या बॅजवरून लिहिलं गेलं त्याचं टोकन मी बंद केलं आणि सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "कोणी मागं घेतलं?" म्हटलं, माहीत नाही, आपल्यातलंच कुणीतरी. दोन दिवसांत एकूण ८६४ बदल झाले, मागे घ्यावे लागले ते १९.

मुलांनी काय काय केलं ते सगळं सांगत नाही, पण एकीनं ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दर तासाला ताजं वेळापत्रक छापून दारावर लावलं, आणि त्या कागदापुढची गर्दी कधी हटली नाही.

२६ जानेवारीला लिहिणं बंद केलं. सगळी टोकनं रद्द, कायमचा भाग साध्या फाइलींत काढून ठेवला म्हणजे सर्व्हर नसला तरी तो वाचता येईल. फेब्रुवारीअखेर सर्व्हरही सोडला. ठरल्याप्रमाणं त्या २६ तारखेलाच गाड्यांची यादी पुसायची होती. पुसायच्या आधी एकदा वरून खाली नजर फिरवली. शेवटची ओळ १९ तारखेच्या संध्याकाळची होती: कवठेमहांकाळमार्गे जत, दोन जागा, सव्वासहाला गेटपाशी. दोन्ही जागा भरलेल्या होत्या.